आमची वाटचाल : पाण्यापासून गाडीच्या टपापर्यंत

आमचं दुकान सुरू झालं ते कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) विकायला, रूफ रॅक, म्हणजे गाडीच्या टपावर सामान बांधायचा सांगाडा, तेव्हा डोक्यातच नव्हता. पण कयाक पसंत पडला, पैसे दिले की गिऱ्हाईकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, हा नेऊ कसा? तिथून आम्ही रॅककडे वळलो आणि आज खरं सांगायचं तर रॅकचं कामच जास्त आहे. या धंद्यात हे तसं नवीन नाही म्हणा, रॅक बनवणाऱ्या याकिमा कंपनीची सुरुवातसुद्धा कयाकच्या फूटब्रेसपासूनच (कयाकमध्ये पाय टेकायचा आधार) झाली आणि दुसरी रॅकवाली कंपनी थुले १९४२ साली स्वीडनमध्ये सुरू झाली ती मच्छीमारांचे सापळे विकत.

लोक येतात ते ब्रँड ठरवून. आम्ही आधी टप बघतो. उंच रेल (टपाच्या कडेची लांब दांडी) आहे का, टपाला चिकटलेली रेल आहे, फिक्स पॉइंट (रॅक बसवायला टपावर आधीच दिलेल्या जागा) आहेत की टप अगदी कोरा आहे, यावरच रॅकच्या आडव्या बारला टपावर धरणारा पाय कुठला बसणार ते ठरतं आणि एका गाडीचा फिटिंग किट (पाय त्या गाडीला बसवायचे भाग) दुसरीला चालेलच असं नाही. कोऱ्या टपावर पायाची क्लिप दाराच्या चौकटीत अडकते, तिथे आम्ही टेपने माप घेऊन खूण करतो, मग ॲलन की थोडी डावीकडे थोडी उजवीकडे अशी आलटून पालटून फिरवतो, एकच बाजू आधी आवळली की बार तिरका बसतो. दोन बारमध्ये निदान दोन फूट अंतर हवंच, कयाक लांब असेल तर जितकं जास्त मिळेल तितकं चांगलं.

मग वजन. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाची लिमिट दिलेली असते, बऱ्याच गाड्यांना ती ७५ किलोच्या आसपास असते आणि त्यात बार, क्रेडल (बारवर कयाक ठेवायचा आधार) सगळं धरायचं असतं हे कोणी सांगतच नाही. बार-क्रेडलचे १२ किलो आणि प्लास्टिकचे ३०-३० किलोचे दोन कयाक, झाले ७२! शिवाय बारची स्वतःची लिमिट वेगळी, दोन्हीतली कमी असेल ती धरायची.

इंग्रजी J च्या आकाराचं जे-क्रेडल आम्हाला मनापासून आवडतं, कारण कयाक कडेवर उभा राहतो, दुसऱ्याला जागा होते आणि प्लास्टिकचा तळ उन्हात दबत नाही. पण उंच गाडी असेल आणि उचलणारा माणूस एकटाच असेल तर आम्ही स्वतःहूनच नको म्हणतो, त्यांना मागून सरकवत चढवता येईल असे रोलरवाले सॅडल (कयाकचा तळ टेकवायचे आधार) किंवा लिफ्ट असिस्ट (कयाक वर चढवायला मदत करणारा रॅक) बघा म्हणतो, महाग पडतं पण कंबर आपलीच असते ना.

कयाक बांधायचे पट्टे मात्र कॅम बकलचेच, म्हणजे हाताने ओढून घट्ट करायचे. रॅचेटने (दांडा मागेपुढे करून आवळायचं बकल) इतका जोर लागतो की प्लास्टिकचा कयाक दबतो आणि फायबरच्या कयाकला तडा जाऊ शकतो. पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात गुणगुणत नाही. कयाकच्या नाकापासून गाडीच्या पुढच्या भागाला बांधायची दोरी तर आम्ही प्रत्येकाकडून आमच्यासमोर बांधून घेतो, कारण हायवेला वारा कयाकचं नाक खालून उचलतो आणि सगळा ताण पुढच्या बारवर येतो. पुढे टोक किती बाहेर चालतं याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते निघण्याआधी बघून घ्या. आणि थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून पट्टे एकदा हाताने ओढून बघाच, नवीन पट्टा हमखास सैल होतो.

सध्या आम्ही जुने बार नवीन गाडीला बसवून देण्याचं काम वाढवतोय, बऱ्याचदा नुसतं फिटिंग किट बदललं की भागतं, अख्खा सेट परत घ्यायची गरजच नसते.