आत्याच्या जागी जर्मन सरकार

जर्मनीत आईबापांना लेकराचं नाव मनाला येईल ते ठेवता येत नाही. नोंदणी कार्यालयातल्या बाईंना ते पटावं लागतं. बाळाच्या हिताला बाधा येईल असं नाव त्या नाकारू शकतात, आणि आधी ठरवणार त्याच. आमच्या 'ओवी'बद्दल प्रश्न आला, हे नाव असतं याला पुरावा काय? आता काय द्यायचा पुरावा? ताईनं कोल्हापुरातून व्हिडिओ कॉलवर 'कुर्रर्र' केलं, आमच्याकडं तेवढ्यावर भागतं. शेवटी मराठी मासिकाची पानं अधिकृत अनुवाद करून दिली, तेव्हा कुठं शिक्का बसला.

नंतर कळलं, आपल्याकडच्याच एका नावावरून इथं खटला झालाय. मुलीचं नाव किरण. मुलगा की मुलगी ते कळत नाही म्हणून नोंदणीवाले अडून बसले. 2008 मध्ये थेट घटना न्यायालयानं आईबापांच्या बाजूनं निकाल दिला. राजारामपुरीत आमच्या गल्लीत किरण नावाचे दोन पोरगे आणि एक पोरगी होती. कुणाचा कधी घोळ झाला नाही.

ताईला म्हटलं, "आपल्याकडं सरकार असं घरात घुसत नाही."

"व्हय? मग तिसरं पोर होऊ दे आणि ग्रामपंचायतीला उभा राहून दाखव."

गप्प बसलो. पण शाहू महाराजांची गोष्ट निराळी, हे मी सोडणार नाही. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड. त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाचा कायदा. सरकार घरात शिरलंच की, पण दुबळ्याच्या बाजूनं शिरलं. (नोंदणीवाल्या बाईही हेच म्हणतील, पण ते असो.)

चिडायचंच तर 1954 च्या विशेष विवाह कायद्यावर चिडावं. लग्नाआधी 30 दिवस नोटीस, ती कार्यालयात लावायची. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या पोरापोरींची खबर भावकीला आयती. जर्मनीनं लग्नाची अशी जाहीर नोटीस 1998 मध्येच बंद केली. हे लिहिताना हात जरा जड होतोय.

आणि हो, पोरीसाठी सरकारकडून महिन्याला पैसे मिळतात, 2025 मध्ये 255 युरो. घेतो. कर भरतो, का घेऊ नये? तिथं मात्र नावाला पुरावा कुणी मागितला नाही.