खांबाच्या उजेडात मृगातला तेजोमेघ

पौष अमावास्या, रात्र.

सांदवाडीला (घरामागच्या परसाला) लागूनच ग्रामपंचायतीचा एलईडी दिव्याचा खांब. एम 42, म्हणजे मृगातला तेजोमेघ, सध्या नऊच्या सुमारास दक्षिणेला साठ अंशांच्या वर असतो. त्याचे फोटो काढायची वेळ आठ ते अकरा.

आधी खांब झाकायचा, फिल्टर नंतर. लेन्सवर तिरका पडणारा उजेड फोटोत एका बाजूने फिकट पट्टा उमटवतो. तो सिरिल या फ्रेम एकावर एक जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुसताना तेजोमेघाची कडही पुसली जाते. तुराट्यांचा ताटवा, त्यावर ताडपत्री आणि लेन्सला काळ्या कार्डशीटचा लांब हूड. खर्च जवळपास काही नाही.

जुने सोडियमचे दिवे परवडले. त्यांचा उजेड पिवळ्या पट्ट्यात एकवटलेला, म्हणून गाळता यायचा. एलईडीचा निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला. ड्युअल-बँड फिल्टर हायड्रोजनच्या 656 आणि ऑक्सिजनच्या 501 नॅनोमीटरभोवतीचाच प्रकाश सोडतो, म्हणून एम 42 उठून दिसतो. कृत्तिकांना मात्र तो लावू नये. तिथली धूळ ताऱ्यांचाच उजेड परतवते, फिल्टर तोही कापतो. साधा डीएसएलआर 656 चा बराचसा प्रकाश आतच अडवतो, त्यामुळे लाल रंग कमी आला तर दोष फिल्टरला देऊ नये.

ध्रुव आपल्याकडे जेमतेम 21 अंशांवर. उत्तरेला कडुनिंब असेल तर ट्रायपॉडची जागा बदलावी. ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, ध्रुवाकडे रोखावा लागतो; त्याचा अक्ष चुकला की 135 मिमी लेन्सवर मिनिटाभरातच तारे लांबट होतात. फोकस व्याधावर, लाइव्ह व्ह्यू 10 पट मोठा करून. गारठा वाढतो तसा फोकस सरकतो, तासाला एकदा पाहावा.

आयएसओ 800, 60 सेकंदांच्या 120 फ्रेम. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा डावीकडून पाव ते तिसऱ्या हिश्शात हवा. पुढे गेला तर सेकंद कमी करून फ्रेम वाढवाव्यात. एकूण वेळ चौपट झाला की गोंगाटाच्या (फोटोतल्या दाणेदारपणाच्या) तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ होतं, त्याहून जास्त नाही. तेजोमेघाचा मधला भाग जळतोच, म्हणजे नुसता पांढरा येतो; त्यासाठी 5 सेकंदांच्या 20 फ्रेम वेगळ्या. लेन्स दवाने धुरकटते; 5 वॅटची गरम पट्टी 10,000 एमएएचच्या पॉवर बँकवर पाचेक तास चालते.

शेतात पऱ्हाट्या पेटल्या असतील तर कॅमेरा काढूच नये. धुरावर खांबाचा उजेड पसरतो आणि सगळ्या फ्रेम राखाडी येतात. मध्येच लाइन गेली तर मात्र शटर चालूच ठेवायचं (बाकी गाव शिव्या देत असतं). त्या फ्रेम सगळ्यांत स्वच्छ असतात. सिरिलमध्ये गोंगाटानुसार वजन देऊन जोडल्या की त्यांचा वाटा आपोआप वाढतो.