कॉलशीटवरचा सातवा क्रमांक

लॉस एंजेलिसमध्ये इमिग्रेशनची वकिली करताना माझ्याकडे येणारे बहुतेक भारतीय आणि पाकिस्तानी अशील संगणक क्षेत्रातले असतात, आणि त्यांची प्रकरणे पदवी, पगार आणि पदनाम एवढ्यावर उभी राहतात. नटाचे प्रकरण निराळे असते. त्याला लागणाऱ्या ओ-१ व्हिसासाठी चित्रपट किंवा दूरचित्रवाणी क्षेत्रातील ‘असामान्य कामगिरी’ सिद्ध करावी लागते. ऑस्कर किंवा एमीसारख्या पुरस्काराचे निदान नामांकन तरी असावे लागते. ते नसेल तर कायद्याने सांगितलेल्या सहा प्रकारच्या पुराव्यांपैकी किमान तीन द्यावे लागतात. शिवाय कलाकारांच्या संघटनेचे आणि निर्मात्यांच्या संघटनेचे अशी दोन अभिप्रायपत्रे जोडावी लागतात.

ज्या प्रकरणाविषयी मी लिहीत आहे तो अशील कराचीचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. टेक्सासमध्ये अभियांत्रिकी शिकायला आला, विद्यापीठाच्या नाट्यविभागात रमला, आणि पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर कामासाठी जी वर्षभराची मुभा मिळते, त्या मुदतीत नोकरी शोधण्याऐवजी ऑडिशन देत राहिला. त्यातून एका युद्धविषयक मालिकेत एका भागापुरते काम मिळाले, ते वाढत गेले, आणि निर्मिती कंपनीनेच त्याचा पहिला ओ-१ काढला. मालिका संपली तशी त्या व्हिसाची मुदतही संपत आली. आता वेगवेगळ्या निर्मात्यांकडे काम करता यावे म्हणून त्याच्या एजंटच्या नावाने नवा अर्ज केला होता. अर्जदार बदलला की जुनी मुदत संपल्यावर निर्णय येईपर्यंत काम करता येत नाही, त्यामुळे एक ठरलेले चित्रीकरण त्याच्या हातून गेलेच होते. त्यातच इमिग्रेशन खात्याची अधिक पुरावे मागणारी नोटीस आली.

नोटिशीतला आक्षेप असा होता की, या नटाच्या भूमिका ‘प्रमुख’ असल्याचे दिसत नाही. अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. कामांची यादी मी स्वतः पुन्हा वाचली तेव्हा तीत टॅक्सीचालक, किराणा दुकानदार, ‘दहशतवादी क्र. २’ आणि सगळ्यांत मोठे काम म्हणजे अमेरिकन तुकडीबरोबर फिरणारा दुभाष्या, एवढेच होते. ज्या धंद्यात पाकिस्तानी नटाच्या पात्राला नावसुद्धा मिळत नाही, त्याच धंद्यातले त्याचे असामान्यत्व कागदावर दाखवायचे होते.

असे अशील अभिनेते कुमैल नानजियानी यांचे उदाहरण हमखास देतात. तेही कराचीत वाढले, अठराव्या वर्षी आयोवातील ग्रिनेल कॉलेजात आले, तिथे संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले, शिकागोत स्टँड-अप करू लागले, आणि २०१८ मध्ये पत्नी एमिली गॉर्डन यांच्यासह लिहिलेल्या पटकथेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. माझ्या अशिलाला मात्र जुन्या पिढीतले पाकिस्तानी नट झिया मोहिउद्दीन अधिक जवळचे वाटत. १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त त्यांनी केलेला वाटाड्या परक्या विहिरीचे पाणी पितो म्हणून गोळी खातो. “वकीलसाहिबा, आमची परंपराच विहिरीवर मरण्यापासून सुरू होते,” असे तो हसत म्हणे. मी पुण्याची आहे हे कळल्यावर कराचीतली नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची १८५५ सालची शाळा आपल्या घरापासून किती जवळ आहे, हेही त्याने मला सांगितले होते.

नोटिशीच्या मुदतीचा एकच दिवस उरला होता; उत्तर दुसऱ्या दिवशी खात्याकडे पोहोचायला हवे होते. या मुदतीला वाढ मिळत नाही, आणि सगळे पुरावे एकदमच द्यावे लागतात. राहिलेला कागद मागाहून पाठवण्याची सोय नसते. त्या सकाळी माझ्यापाशी मालिकेच्या प्रमुख लेखकाचे जे पत्र होते त्यात अशील गुणी आहे, मेहनती आहे आणि सेटवर सर्वांचा लाडका आहे, असे लिहिले होते. अशा पत्राने माणूस चांगला ठरतो, भूमिका महत्त्वाची ठरत नाही.

अशील आला तो कापडी पिशवी भरून कॉलशीट घेऊन. चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी निघणारा हा कागद, दिवस संपला की बहुतेकांच्या दृष्टीने रद्दी होतो. याने घडी घालून सगळे जपले होते. त्यातल्या नटांच्या तक्त्यात पहिला रकाना क्रमांकाचा, मग नटाचे नाव, पात्राचे नाव, रंगभूषेची वेळ आणि सेटवर हजर होण्याची वेळ. क्रमांक साधारणपणे भूमिकेच्या वजनाप्रमाणे देतात. नायक किंवा नायिका एक नंबरवर. पहिल्या हंगामात आमचा अशील चौतिसावा होता आणि पात्राच्या रकान्यात नुसते ‘दुभाष्या’ होते. दुसऱ्या हंगामात तो सातवा झाला होता, आणि पात्राला नाव आले होते. त्याच कागदाच्या वरच्या भागात दृश्यांची यादी असते व प्रत्येक दृश्यापुढे त्यातल्या नटांचे क्रमांक छापलेले असतात. एकापाठोपाठ एक दृश्यांपुढे ‘१, ७’ एवढेच दिसू लागले, म्हणजे नायकासमोर फक्त हाच, तेव्हा मी माझ्या सहायकाला बाकीचे काम बाजूला ठेवून त्याचा तक्ता करायला बसवले.

कॉलशीट गोपनीय असते, म्हणून निर्मिती कंपनीच्या वकिलांची परवानगी घ्यावी लागली. दृश्यांचे वर्णन काळ्या शाईने झाकण्याच्या अटीवर ती मिळाली. मग प्रमुख लेखकाला फोन लावला आणि स्तुती नको, घडले ते लिहा, असे सांगितले: हे पात्र एका भागासाठी होते, तर पुढे का राहिले? तो जे बोलला ते मी त्यालाच लिहून, सही करून पाठवायला सांगितले. पत्र दुपारी उशिरा आले. दुभाष्या त्या पहिल्याच भागाच्या शेवटी मरणार होता. मात्र चौकशीच्या दृश्यात कैद्याची शिवी इंग्रजीत सांगण्यापूर्वी या नटाने अधिकाऱ्याकडे जे पाहिले, ते संकलनाच्या टेबलावर पाहून मृत्यूचे दृश्यच वगळण्यात आले, आणि दुसऱ्या हंगामाचे मुख्य कथानक त्या दोघांभोवती नव्याने रचले गेले.

अशिलाने पत्र माझ्या टेबलापाशी उभ्यानेच वाचले. आपले काम वाढले हे त्याला एजंटकडून कळले होते; कशामुळे वाढले ते कुणी सांगितले नव्हते. “मी तर तेव्हा पुढचे वाक्य आठवत होतो,” तो म्हणाला, आणि इतका हसला की शेजारच्या खोलीतले सहकारी डोकावून गेले. हे वाक्य आपण उत्तरात घालणार नाही, एवढेच मी त्याला बजावले.

पाकीट कुरियरच्या शेवटच्या फेरीत गेले. जलद निर्णयाचे शुल्क भरलेले असल्याने मंजुरी त्याच महिन्यात आली, तीन वर्षांची. त्यानंतर त्याचा पहिला प्रश्न बहिणीच्या लग्नाला कराचीला जाऊ का, हा होता. अर्ज मंजूर झाला तरी देशाबाहेर गेल्यावर परत येण्यासाठी वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि तिथे जादा तपासणीत प्रकरण अडकले तर किती आठवडे लागतील ते कोणी सांगू शकत नाही, हे मी त्याला समजावले. पुढच्या महिन्यात त्याचे अटलांटात चित्रीकरण होते. तो गेला नाही. लग्न त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिले. अटलांटाची कॉलशीट मात्र तो आता नियमाने माझ्या कार्यालयात पाठवतो, कारण पुढे ग्रीनकार्डाचा अर्ज करायचा आहे.