डिझेल इंजिनाच्या ब्रीदरला कॅच कॅन बसवताना

पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला गॅस ऑइल चेंबरमध्ये उतरतो आणि ऑइलचे तुषार घेऊन ब्रीदर पाइपातून, म्हणजे तो गॅस बाहेर नेणाऱ्या नळीतून, टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी येतो. पुढे ती हवा थंड करणारा इंटरकूलर, मग सिलिंडरांना हवा वाटणारा मॅनिफोल्ड. तिथे ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी मिसळली की डांबरासारखा थर चढतो. माझ्या १.३ लिटर डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये जेमतेम बोट जाईल एवढी वाट उरली होती. तो साफ केल्यावर ओढ परत आली. ती टिकावी म्हणून कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या वाटेत बसवून ऑइल अडवणारा डबा. नुसत्या कॅनने ताकद वाढत नाही.

आधी बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांमधून किती गॅस निसटतो ते, तपासलं. इंजिन गरम करून आयडलवर ठेवलं, डिपस्टिक काढली आणि तिच्या नळीवर पारदर्शक ट्यूब घट्ट बसवली. ट्यूबला खाली लांब झोल देऊन त्यात रंगीत पाणी भरलं. दोन्ही बाजूंची पातळी जवळपास सारखी राहिली, म्हणजे ठीक. पाणी बाहेर फेकलं गेलं तर आधी ब्रीदर तुंबलाय का बघा. तो मोकळा असेल तर बहुधा रिंगा गेल्या, तिथे कॅनचा उपयोग नाही.

कॅन अर्ध्या लिटरचा, आत आडवे पडदे आणि स्टेनलेसची जाळी. भांड्यांची तारेची घासणी आत कोंबू नका. तुकडे सुटून टर्बोच्या पंख्यावर जातात.

चूक पाइपात झाली. मूळ ब्रीदर आतून १९ मि.मी., मी लावला १२ मि.मी.चा हीटरचा पाइप. ३००० आरपीएमला त्या ट्यूबमधलं पाणी ६० मि.मी. चढलं. शिवाय ते रबर ऑइलला टिकत नाही. फुगून मऊ पडलं आणि वळणावर चपटं झालं. असा कोंडलेला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो. मग १९ मि.मी.चा, आत दोरा असलेला नायट्राइल पाइप घातला. पाणी पुन्हा जागेवर.

पाइपाला कॅनकडे सलग उतार हवा, कॅन एक्झॉस्टपासून लांब. कॅनमधून निघणाऱ्या पाइपाचं टोक टर्बोच्या पाइपालाच परत जोडा. उघडं सोडलं तर एसीतून केबिनमध्ये वास येतो आणि धूर-नियमही मोडतो.

कॅन मात्र भरू देऊ नका. साठलेलं ऑइल एकदम टर्बोत गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं, चावी काढूनही थांबत नाही. मी दर १००० कि.मी.ला रिकामा करतो. उन्हाळ्यात दोन-तीन चमचे काळं ऑइल निघतं. पावसाळ्यात, गाडी जवळच्या जवळ फिरली की, दुधाळ चहाच्या रंगाचं पाणीच जास्त.