माद्रिदमधला काळा रंग

शाळेत इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करून घेताना आमच्या चित्रकलेच्या सरांनी एक नियम घालून दिला होता : सावली रंगवताना काळ्या रंगाच्या बाटलीला हात लावायचा नाही. निळ्यात तपकिरी मिसळा, हवे तर जांभळा घ्या, पण काळ्याने चित्र मरते, असे ते बजावत. गेल्या ऑक्टोबरात माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात शिरल्यावर तासाभरातच मला सरांची आठवण झाली, कारण ज्या चित्रांसाठी मी एवढ्या लांब आलो होतो, ती बहुतेक सगळी काळ्या रंगाच्या जिवावर उभी होती.

प्रादोची इमारत मुळात चित्रांसाठी बांधलेली नाही. हुआन दे व्हियानुएवा या वास्तुविशारदाने १७८५ साली तिचा आराखडा केला तो निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी, आणि राजघराण्याने जमवलेली चित्रे तिथे लोकांसाठी खुली झाली ती १८१९ मध्ये. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, याचा आधी राग आला. पण त्यामुळे मी खिशातली वही काढली आणि एकेका चित्रापुढे जरा जास्त वेळ उभा राहू लागलो.

सुरुवात स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या व्यक्तिचित्रापासून झाली. इटलीहून आलेल्या सोफोनिस्बा आंग्विसोला या चित्रकर्तीने रंगवलेला हा राजा जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्यांपैकी एकाचा धनी होता, तरी अंगावर काळा पोशाख, डोक्यावर काळी टोपी आणि हातात जपमाळ, एवढाच त्याचा थाट. या साधेपणामागे पैसा होता. खोल, न विटणारा काळा रंग कापडावर चढवणे तेव्हा फार खर्चाचे काम होते आणि मेक्सिकोतल्या कांपेचे भागातून येणाऱ्या एका झाडाच्या लाकडाने तो मिळू लागला. म्हणजे दरबारातला तो संन्यस्त दिसणारा काळा रंग समुद्रापलीकडच्या वसाहतीतून जहाजाने आलेला होता.

हा पोशाख घोळक्याने पाहायचा तर तोलेदोला गेले पाहिजे. अतोचा स्थानकावरून गाडी अर्ध्या तासात पोचवते. पुढचा चढ मात्र गुडघ्यांची परीक्षा पाहतो. तिथल्या सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचे ‘काउंट ऑफ ऑर्गाझचे दफन’ हे चित्र आहे. क्रीट बेटावर जन्मलेला, इटलीत शिकलेला हा चित्रकार १५७७ च्या सुमारास तोलेदोत आला आणि १६१४ मध्ये तिथेच वारला. जवळजवळ पावणेपाच मीटर उंचीच्या या चित्रात खाली एका सरदाराचे कलेवर दोन संत कबरीत ठेवत आहेत आणि मागे तोलेदोतील प्रतिष्ठित पुरुष ओळीने उभे आहेत. त्यांच्या काळ्या कपड्यांत एकाचे अंग कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, ते कळत नाही. त्या अंधारातून गळ्याभोवतीच्या पांढऱ्या चुणीदार कॉलरांवर ठेवल्यासारखे चेहरे आणि काही निमुळते हात तेवढे वर येतात. पुढे उभा असलेला मुलगा चित्रकाराचाच, हॉर्हे मान्युएल. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर १५७८ हे साल आहे. वरचा स्वर्ग मला खरे तर फार गजबजलेला वाटला. माझी नजर पुन्हा पुन्हा खालच्या ओळीकडेच येत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रादोत परतलो तो थेट सांचेझ कोतानच्या स्थिरचित्रापुढे. साल १६०२. दगडी खिडकीच्या चौकटीत दोऱ्यांना टांगलेली लिंबे, सफरचंदे आणि मारून आणलेले पक्षी, खाली गाजरे, मुळे आणि कडेला वळलेला पांढुरका कार्दो, म्हणजे देठासाठी खाल्ली जाणारी एक काटेरी भाजी. आणि या सगळ्यांमागे गच्च काळोख. वस्तू टांगण्यात गूढ काही नाही, टिकाव्यात म्हणून त्या तशा ठेवीत. परंतु मागचा काळा रंग त्या गाजरांना देव्हाऱ्यातल्या मूर्तीचे गांभीर्य देतो. पुढच्याच वर्षी हा चित्रकार एकांतात आणि मौनात राहणाऱ्या कार्थुसियन संन्याशांच्या मठात दाखल झाला, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. सुर्बारान या चित्रकाराने रंगवलेले, पाय बांधलेले कोकरू याच जातीचे. ते चित्र इतके लहान आहे की न बघताच पुढे गेलो होतो, मग परत आलो. लोकरीचा एकेक मळकट झुबका हाताला लागेल असा वाटतो, आणि पाठीमागे काहीही नाही.

व्हेलास्केस या दरबारी चित्रकाराच्या ‘लास मेनिनास’ पुढची गर्दी दिवसभर हटत नाही. १६५६ च्या या चित्रातल्या पाच वर्षांच्या राजकन्येवर, आरशातल्या राजाराणीवर आणि कॅनव्हाससमोर उभ्या चित्रकारावर इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. एवढेच नोंदवतो की तीन मीटरहून उंच चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात एकही माणूस नाही; तिथे नुसते छत, भिंतीवरची अंधूक चित्रे आणि दालनात साठलेला काळोख आहे. दुसऱ्या कुणी ती जागा कापून टाकली असती.

मी जास्त वेळ घालवला तो मात्र पाब्लो दे व्हायादोलिद या विदूषकापुढे. साधारण १६३५ चे हे चित्रही व्हेलास्केसचेच. काळ्या कपड्यातला हा माणूस एक हात पुढे करून, नाटकातले भाषण म्हणावे तसा पाय रोवून उभा आहे. पण उभा कशावर? जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे दाखवणारी रेघच चित्रात नाही. पायांशी पडलेली एक तिरकी सावली तेवढी त्याला धरून ठेवते. फ्रेंच चित्रकार माने १८६५ मध्ये इथे आला, तेव्हा याच चित्राने त्याला वेड लावले. पार्श्वभूमी नाहीशी होते आणि माणसाभोवती केवळ हवा उरते, असे त्याने मित्राला कळवले. मी वहीत ती सावली काढायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा माझा विदूषक पडायला आला.

शेवटी गोया हा स्पॅनिश चित्रकार. कानांनी ठार बहिरा झालेल्या गोयाने १८१९ मध्ये माद्रिदबाहेर घर घेतले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या भिंतींवर चौदा चित्रे रंगवली. ती कुणी मागवलेली नव्हती आणि ‘काळी चित्रे’ हे नावही त्याने दिलेले नाही. पुढे १८७४ पासून ती भिंतींवरून सोडवून कॅनव्हासवर चढवली गेली. त्या उठाठेवीत बरेच नुकसानही झाले. पोराला खाणारा शनी, म्हणजे रोमन पुराणकथेतला सॅटर्न, पाहून माणसे दचकतात, मीही दचकलो. पण खरा थांबलो तो कुत्र्यापाशी. कुठल्याशा उताराआडून फक्त डोके वर काढून तो वर पाहतो आहे, आणि त्याच्यावर चित्रभर पसरलेला आहे तो मातकट पिवळा रंग. काळ्या चित्रांमधले हे सर्वांत एकाकी चित्र काळे नाहीच!

आठ वाजता बंद होण्याआधी दुकानातून पाब्लोचे पोस्टकार्ड घेतले. खोलीवर येऊन दिव्याखाली धरले, तर छपाईत त्याचा पोशाख डांबरासारखा सपाट झालेला आणि मागची हवा एखाद्या रंगवलेल्या भिंतीसारखी घट्ट.