'द फँटम पेन'मध्ये चौकी गुपचूप कशी सर करायची: माझा अनुभव

'मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन' २०१५मध्ये आला. ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या मोठ्या नकाशावर फिरायच्या व्हिडिओ गेममध्ये याच्या तोडीचं स्टेल्थ, म्हणजे लपूनछपून खेळणं, मला अजून कुठे सापडलेलं नाही. इथे नजर चुकवणं हे अर्धंच काम असतं. गार्डला नेमकं काय कळलं आणि ते तो पुढे कोणाला कळवू शकतो, यावर सगळा खेळ चालतो. हे एकदा लक्षात आलं की बंदुकीइतकंच लक्ष आपण रेडिओकडे द्यायला लागतो.

उदाहरणाला तिसरं मिशन घेतो. काळ १९८४, सोव्हिएत फौजांच्या ताब्यातलं अफगाणिस्तान, आणि दा शागो कल्लाई नावाचं पडक्या घरांचं गाव. तिथल्या स्पेट्सनाझच्या, म्हणजे सोव्हिएत विशेष दलाच्या कमांडरला संपवायचं काम असतं. मात्र त्याला जिवंत उचलून आणला तरी मिशन पूर्ण होतं आणि माणूस आपल्या तळावर कामाला येतो. मी नेहमी उचलतोच. या गेममध्ये माणूस मारणं म्हणजे भरती घालवणं.

गावात शिरण्याआधी उंचावर पालथं पडून दुर्बीण लावायची. गार्डवर क्षणभर नजर रोखली की तो मार्क होतो आणि मग भिंतीआडूनही त्याची खूण दिसत राहते. एका बाजूने बघून भागत नाही. घरांच्या आतले आणि पलीकडच्या उतारावरचे गार्ड राहून जातात आणि नेमके तेच पुढे पाठीमागून येतात. म्हणून किमान दोन जागा बदलून बघावं. वेळही निवडता येते. गेममधला फँटम सिगार ओढला की घड्याळ पुढे पळतं. पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाळी बदलते, तेव्हा गार्ड जागा सोडून चालायला लागतात. रात्री त्यांची नजर कमी पोचते, पण झोपलेल्या गार्डला दुसरा कोणी बघेल की नाही याचा अंदाज आपल्यालाही कमीच येतो. वाळूचं वादळ आलं तर थांबू नये, सरळ आत घुसावं. काही मिनिटं कोणालाच धड काही दिसत नाही.

हत्यार म्हणजे सुरुवातीला मिळणारी गुंगीच्या डार्टची पिस्तूल. डोक्यात डार्ट बसला तर गार्ड जागच्या जागी कोसळतो. छातीत किंवा पायात बसला तर काही सेकंद शुद्धीत असतो आणि तेवढ्या वेळात आरडाओरडा होऊ शकतो. अंतर वाढलं की डार्ट खाली पडतो, त्यामुळे लांबच्या डोक्यावर नेम धरताना थोडं वर धरावं लागतं. त्यापेक्षा जवळ सरकून मारलेलं बरं. आणि सायलेन्सर झिजतो, हे बरेच जण विसरतात. त्याचा दर्शक संपत आला की हवेतून रसद मागवायची, नाहीतर पुढचा बार अख्ख्या गावाला ऐकू जातो.

आता मूळ मुद्दा, रेडिओ. गार्डला काही हललेलं दिसलं की आपल्याभोवती पांढरी कमान उमटते. ती ज्या बाजूला असते तिकडून कोणीतरी बघतंय. त्या क्षणी पळालो तर काम बिघडतं; जमिनीवर आडवं होऊन स्थिर राहिलं तर बहुतेक वेळा शंका विरते. नाही विरली तर तो बघायला येतो, आणि अनेकदा निघण्याआधी रेडिओवर कळवतो. इथे घाई करून त्याला बोलता बोलता झोपवलं, की पलीकडच्याला संभाषण तुटल्याचं कळतं आणि सगळी चौकी सावध होते. त्याला बोलून घेऊ द्यावं, जवळ येऊ द्यावं आणि मग झोपवावं. त्यातही ढिलाई चालत नाही, कारण तो गायब झाल्याचं थोड्या वेळात कोणाच्या तरी लक्षात येतंच.

मोठ्या चौक्यांत संपर्क यंत्रणा असते. ती उद्ध्वस्त केली की मदतीची कुमक मागवता येत नाही. सी-४ने उडवली तर मोठा आवाज होतो, म्हणून स्फोटकं आधी लावून ठेवावीत आणि बटण काम संपत आल्यावर दाबावं. वीजकेंद्राचा खटका पाडला तर दिवे आणि कॅमेरे बंद होतात आणि कोणीतरी तो पुन्हा चालू करायला येतो. त्या दाराशी दबा धरून बसणं हा एकट्या गार्डला गाठण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

रिकामं मॅगझिन फेकून लक्ष वेधणं फुकटात होतं, मॅगझिन कधी संपत नाहीत. मात्र आवाज ऐकून गार्ड नेमका मॅगझिन पडलं तिथेच येतो, म्हणून ते आपल्यापासून दूर, पण त्याची पाठ आपल्याकडे होईल अशा जागी टाकायचं. मागून जाऊन बंदूक रोखली की तो हात वर करतो. जवळ धरून विचारलं तर साथीदारांची जागा, दडवलेला माल, कैदी सगळं सांगतो. रशियन दुभाष्या तळावर आणलेला नसेल तर त्याच्या बोलण्याचा काही उपयोग नाही, म्हणून त्याला आणायचं साईड ऑप, म्हणजे मुख्य कथेबाहेरचं छोटं काम, लवकर उरकून टाकावं.

झोपलेला गार्ड दुसऱ्याच्या नजरेला पडला तर तो त्याला लाथ मारून उठवतो. म्हणून शरीर ओढून आडोशाला न्यायचं किंवा फुल्टनच्या, म्हणजे माणसाला हवेत उचलून आपल्या तळावर नेणाऱ्या फुग्याने उचलायचं. फुगा वर जाताना गार्ड ओरडतो, आणि जवळपास कोणी असेल तर ते दृश्य लपत नाही. छताखाली फुगा चालत नाही, तिथे आधी बाहेर ओढावं लागतं. वादळात किंवा गार्ड जबर जखमी असताना उचलण्याची शक्यता घटते. टक्केवारी पडद्यावर दिसते, ती बघूनच बटण दाबावं.

पुढे खरी परीक्षा येते, कारण शत्रू आपल्याकडून शिकतो. सतत डोक्यात डार्ट मारले तर हेल्मेट येतात. रात्री जास्त खेळलं तर रात्रीचे चष्मे येतात. गॅस वापरला तर मुखवटे. हेल्मेटवाल्याला समोरून चेहऱ्यात मारता येतो, पण नेम फार बारीक लागतो. मी आपल्या तळावरच्या सैनिकांच्या तुकड्या पाठवून शत्रूचा हेल्मेटचा पुरवठा तोडतो. ही मोहीम काही काळापुरतीच लागू राहते, पुन्हा पाठवावी लागते. त्यासोबत पद्धतही बदलत राहावी, कधी दिवसा, कधी हातानेच गळा धरून, कधी गार्डना हातही न लावता.

रिफ्लेक्स मोड, म्हणजे दिसल्यावर वेळ मंद होते ती सोय, सुरुवातीला चालू ठेवावी. सराव झाल्यावर बंद केली तर गुणांत फायदा मिळतो. मिशनच्या शेवटी मिळणाऱ्या सर्वोच्च श्रेणीला, एस रँकला, १,३०,००० गुण लागतात आणि त्यात वेळही धरला जातो, त्यामुळे प्रत्येक गार्ड उचलत बसू नये. कमांडर फुग्यावर गेला की हेलिकॉप्टर बोलावण्याऐवजी मी घोड्यावरून मिशनच्या हद्दीबाहेर जातो. हेलिकॉप्टरचा आवाज दूरच्या चौकीलाही ऐकू जातो, तर घोड्यावर एका कुशीला लटकून गेलं की लांबून फक्त मोकळा घोडा दिसतो.