पक्षी जागेवर, सामान रस्त्यावर

अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या उन्हाळ्यात कोंबड्या भर दुपारी मरतात असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण दुपारसाठी इथला कोंबड्या पाळणारा तयार असतो. सावलीचं कापड ताणलेलं असतं, कूलर चालू असतो, पाण्याच्या भांड्यात गोठवलेल्या बाटल्या तरंगत असतात. घात होतो तो दिवस मावळल्यावर. कोंबड्या सवयीने खुराड्यात शिरून दांडीवर बसतात, कायोटी (कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) आणि रकून (मांजराहून थोडा मोठा, हाताने दारं-जाळ्या उघडणारा प्राणी) यांच्या भीतीने मालक दार लावून घेतो, आणि मागची काँक्रीट-ब्लॉकची भिंत दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत बाहेर टाकत राहते. जुलैतल्या कित्येक रात्री इथे पारा ३२ सेल्सियसच्या खाली उतरत नाही. २०२३ साली तर सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३च्या पुढेच होतं.

ज्या संध्याकाळबद्दल लिहितो आहे तीही जुलैतलीच. दुपारी ४५ अंश, हवा कोरडी. सातच्या सुमारास दक्षिणेकडून धुळीची भिंत आली, मागोमाग थोडा पाऊस शिंपडला आणि चँडलर-गिल्बर्ट या उपनगरांकडच्या काही वस्त्यांची वीज गेली. तापमान ३६ वर आलं म्हणून माणसांना बरं वाटलं, पण आर्द्रता दहा टक्क्यांवरून पंचेचाळीसच्या घरात गेली होती आणि वारा पडला होता.

कोंबडीसाठी हा बदल वाईट. तिला घाम येत नाही. शरीराचं तापमान मुळातच ४१ ते ४२. हवा तिच्या अंगाइतकी तापली की उष्णता टाकायचा एकच मार्ग उरतो, चोच उघडून धापा टाकणं, म्हणजे श्वासनलिकेतलं पाणी हवेत सोडणं. हवा आधीच ओली असली की ते पाणी सुटत नाही. कूलरचंही तेच गणित. ४३ अंश आणि दहा टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २५च्या आसपास हवा देतो. ४० अंश आणि पस्तीस टक्क्यांना तोच कूलर २९वर अडकतो. नागपूर-अकोल्याच्या वाचकांना हे सांगायला नको, पहिल्या पावसानंतर कूलरसमोर बसणं त्यांनी सोसलेलं आहे. त्या रात्री तर कूलर बंदच होते.

आमचा दवाखाना कुत्र्या-मांजरांचा, पण कोंबड्याही बघतो, आणि असे दवाखाने इथे फार नाहीत. त्यामुळे परसात चार-सहा कोंबड्या पाळणारे बरेच लोक एकमेकांना आमच्या वेटिंग रूममध्ये भेटले. २०२४ साली ॲरिझोनाने कायदा करून साध्या घराच्या मागच्या आवारात सहापर्यंत कोंबड्या पाळायला मुभा दिली (कोंबड्याला मात्र शहर मज्जाव करू शकतं), पुढे अंडी महागली, आणि ही मंडळी वाढली. उन्हाळ्याआधीच त्यांनी वस्तीवार यादी केली होती: कोणाकडे जनरेटर, कोणाकडे बॅटरीवरचा पंखा, कोणाच्या डीप-फ्रीजरमध्ये बर्फ, कोणाकडे कुत्र्यांचे जाळीचे पिंजरे, आणि कोण रात्री अकरानंतरही फोन उचलतं.

वीज गेल्यावर पहिला फोन चँडलरमधल्या एका मराठी घरातून आला. "डॉक्टर, आमच्या गॅरेजमध्ये जनरेटरवर एसी चालतोय, मोठी जागा आहे. सगळ्यांच्या कोंबड्या इथेच आणून ठेवायला सांगू का?"

"नका सांगू. कोंबड्या जिथे आहेत तिथेच राहू देत. तुमचा बर्फ आणि पंखे बाहेर काढून ठेवा. आणि जनरेटर गॅरेजच्या बाहेर आहे ना?"

जनरेटर बाहेरच होता. तरी हे विचारावं लागतं, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या आधी पक्ष्याला मारतो. यंत्र दारा-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब हवं.

हेतू चांगला असला तरी आठ घरच्या कोंबड्या एका छपराखाली आणणं हा उपाय नाही. एक तर तापलेल्या कोंबडीला पकडून, डब्यात घालून, गाडीतून नेणं यानेच तिचं तापमान आणखी चढतं. काही वाटेतच जातात. दुसरं कारण रोगाचं. २०१८ ते २०२० दरम्यान दक्षिण कॅलिफोर्नियात राणीखेत या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगाची जी मोठी साथ आली ती मुख्यतः परसातल्या कळपांमधून पसरली, पक्षी या घरून त्या घरी नेल्याने आणि कपडे, बूट, पिंजरे यांच्याबरोबर. २०१९च्या एप्रिलमध्ये ती ॲरिझोनातल्या कोकोनीनो काउंटीतल्या एका परसातही सापडली. २०२५च्या मेमध्ये आमच्याच मॅरिकोपा काउंटीतल्या अंड्यांच्या मोठ्या फार्मांमध्ये बर्ड फ्लू शिरला आणि लाखो कोंबड्या गेल्या. उष्णतेने दोन दगावतील म्हणून सगळ्यांच्या कोंबड्या एकत्र करणं हा व्यवहार तोट्याचा आहे, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

म्हणून त्या रात्री सामान फिरलं. बर्फाच्या पिशव्या, बॅटऱ्या आणि पंखे प्रत्येकाच्या फाटकाबाहेर ठेवायचे, घरच्याने ते उचलायचे, दुसऱ्याच्या खुराड्यात कोणी पाय ठेवायचा नाही. १२ व्होल्टचा पंधरा वॉटचा पंखा ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर, बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली तरी, चौदा तास चालतो. म्हणजे संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. घरातला मोठा बॉक्स फॅन इन्व्हर्टरवर लावला तर तो याच्या चौपट वीज ओढतो आणि मध्यरात्रीच बंद पडतो. परत आलेल्या पिंजऱ्यांची विष्ठा आधी घासून काढायची, मगच ब्लीचचं पाणी, लिटरला साधारण ५० मिली. इथल्या हवेत एक अडचण अशी की ते पाणी दोन-तीन मिनिटांत उडून जातं आणि जंतू मारायला दहा मिनिटं ओल लागते. दोन-तीनदा पुन्हा मारावं लागतं, नाहीतर निर्जंतुक केल्याचं नुसतं समाधान.

रात्री नऊच्या सुमारास गिल्बर्टमधल्या एका घरून मदत मागितली गेली, आणि ते घर दवाखान्याच्या वाटेवरच असल्याने मी गेलो. बूट बदलून, वर प्लास्टिकचे मोजे चढवून. कळप ऑर्पिंग्टनचा. ही जात इंग्लंडची, पिसारा दाट, अंगाने जड. दिसायला देखणी आणि या वाळवंटाला अजिबात न शोभणारी. लेगहॉर्न, मिनोर्का, इजिप्तची फायूमी या हलक्या जाती इथे तगतात, पण पिल्लं घेताना लोक आधी रूप बघतात. खुराडं दुकानातून आणलेलं तयार लाकडी, पश्चिमेकडच्या ब्लॉकच्या भिंतीला चिकटवून ठेवलेलं. हवेसाठी तळहाताएवढ्या दोन खिडक्या. आत हात घातल्यावर तव्यावर धरल्यासारखं वाटलं.

मालकिणीने पाण्याचे फवारे चालू ठेवले होते, कारण ते नळाच्या दाबावर चालतात, वीज लागत नाही. ते आधी बंद केले. वारा नसताना फवारा मारला की आतली आर्द्रताच वाढते. कमी दाबाच्या तोट्यांतून थेंबही मोठे पडतात, पिसं भिजतात आणि पिसांतली कोंडलेली गरम हवा तशीच राहते. आधी पंखा, मग पाणी. पंखाही आत हवा ढकलायला नाही, तर वरच्या बाजूने गरम हवा बाहेर ओढायला लावला. मागची लाकडी फळी स्क्रू काढून उतरवली आणि तिथे अर्ध्या इंचाची जाळी ठोकली. साधी कोंबडी-जाळी रकून सहज फाडतो, तिचा रात्री उपयोग नाही.

तीन कोंबड्या आडव्या होत्या. नुसत्या धापा टाकणारी, पंख अंगापासून लांब धरलेली कोंबडी अजून स्वतःला सांभाळत असते. डोळे मिटले, मान लांब करून जमिनीला टेकली, तुरा फिका किंवा जांभळट झाला, की वेळ फार नसतो. गुदद्वारात थर्मामीटर घालून पाहिलं तर एकीचं ४५च्या वर होतं, ती गेली. दुसऱ्या दोघींना पसरट टबात गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं धरलं. पाणी बर्फाचं नव्हे, साधारण २५ अंशांचं. बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. आता इथल्या नळाचं गार पाणीच उन्हाळ्यात तिशीच्या वर येतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर कातडी भाजेल इतकं तापलेलं असतं. म्हणून पाइप आधी मोकळा सोडायचा, मग थोडा बर्फ घालून हाताला कोमट-गार लागेल इतपत आणायचं. पंखांखालची आणि मांड्यांमधली उघडी कातडी ओली करायची, पाठीवर ओतलेलं पाणी पिसांवरून नुसतं ओघळतं. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब लावले की शुद्धीवर असलेली कोंबडी स्वतःच चाटते. तापमान ४२वर आलं की थांबायचं, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं, कारण ते परत चढू शकतं. दोघी वाचल्या.

चौथी कोंबडी अंडी घालायच्या पेटीत सापडली, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसलेली. ही हमखास विसरली जाते. खुडूक कोंबडी पाण्यालाही उठत नाही आणि ती पेटी म्हणजे खुराड्यातला सगळ्यात कोंदट कोपरा. तिला बाहेर काढून जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, खाली काही अंथरलं नाही, म्हणजे पोटाला वारा लागतो आणि खुडूकही मोडते.

निघताना खाद्याची भांडी उचलायला सांगितली. खाद्य पचताना जी उष्णता तयार होते ती खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी अकराला पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी तीन-चारला आतूनही तापते. पहाटे आणि उन्हं उतरल्यावर खायला द्यावं, मधल्या वेळात पाणी भरपूर. इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्यायचं तर शेजारी साधं पाणीही हवंच, काही कोंबड्या खारट पाण्याला तोंड लावत नाहीत. पुढचे आठ-दहा दिवस पातळ कवचाची अंडी येतील हेही सांगून ठेवलं. धापा टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवचासाठी कॅल्शियम कमी पडतं. शिंपल्याचा चुरा वाढवून हे लगेच सुटत नाही, धापा थांबाव्या लागतात.

त्याच रात्री यादीतल्या एका मेक्सिकन आजींचा फोन आला. त्यांच्या दोन कोंबड्या मेल्या होत्या, पण बोलता बोलता कळलं की आठवडाभरापासून कळपात शिंका होत्या, एकीच्या डोळ्याला फेस येत होता. त्या गॅरेजच्या बेतात त्यांच्याही सहा कोंबड्या होत्या. मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायला सांगितले. फ्रीजरमध्ये नाही, गोठवलं की पेशी फुटतात आणि नीट तपासणी होत नाही. सकाळी ते टूसॉनला, ॲरिझोना विद्यापीठाच्या पशुरोग-निदान प्रयोगशाळेत गेले. मृत्यू उष्णतेचाच होता, राणीखेत आणि बर्ड फ्लू नव्हता, पण मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा श्वसनरोगाचा जंतू निघाला. औषधाने लक्षणं दबतात, जंतू मात्र कळपात कायमचा राहतो आणि अंड्यातून पिल्लांतही उतरतो.

यादीत आता एक रकाना वाढला आहे: कळपात काय आहे. आजींनी आपल्या नावापुढे तो स्वतः भरला. त्यांच्या फाटकाशी बर्फ, पंखा, बॅटरी काहीही पोचतं. तिथून परत येणारं सामान दोनदा धुऊन आठवडाभर उन्हात पडतं, आणि पिल्लं, पिसं किंवा अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे तर बाहेर येतच नाहीत. वीज गेली की सगळ्यांना फोन लावायचं काम त्यांनी मागून घेतलं.